बाईंच्या घराचा सेन्सर

माझा नवरा वेयो हा काही वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाला ते पटायचं नाही. मध्यंतरी मलाही पटत नव्हतं. आणि मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? या प्रकरणात जेवढी मान त्याची खाली गेली तेवढीच माझीही गेली. फक्त त्याची सगळ्या गावाने बघितली.

वेयो हीट पंपवाला. त्याआधी वीस वर्षं तो जंगलात लाकूडतोडीची यंत्रं दुरुस्त करायचा. पाठ गेली तेव्हा ते काम सोडलं, कुओपिओ शहरात जाऊन हे नवं शिकून आला आणि घरं गरम ठेवायचा धंदा सुरू केला. नूर्मेस शहरापासून आमच्या गावापर्यंत तळ्याच्या दोन्ही काठांना जी घरं आहेत, त्यातल्या निम्म्या घरांत त्याने बसवलेला पंप आहे. धंदा म्हणजे काय, तर तो, त्याची पांढरी व्हॅन आणि फोन घ्यायला मी.

कुणाच्याही घरी गेला की दारात बूट काढायचे आणि लोकरीच्या मोज्यांवर थेट पंपापाशी जायचं, अशी त्याची पद्धत. घरातला माणूस काय म्हणतो ते नंतर. "माणूस काहीही सांगतो गं," तो म्हणायचा, "आपण आकडा बघायचा." मला याचं फार कौतुक होतं. एकतीस वर्षं मी त्याच्याशी संसार केलाय. मला ताप आल्यासारखं वाटतंय म्हटलं तरी हा आधी थर्मामीटर शोधतो आणि मग कपाळाला हात लावतो. चार बायकांत बसून मी हे मोठ्या ऐटीत सांगायची.

तर केर्त्तूबाई. गावात पिवळ्या रंगाची शाळा होती, आता बंद आहे, तिथे त्या चाळीस वर्षं शिकवत होत्या. वेयोला अक्षर काढायला त्यांनीच शिकवलं आणि ते आजही कोंबडीने उकरल्यासारखं येतं, यात त्यांचा दोष नाही. आमच्याकडे सगळेच एकमेकांना तू म्हणतात, पाद्रीबुवांनासुद्धा, पण बाईंना तू म्हणायला वेयोची जीभ कधी वळली नाही. त्याच्यामुळे माझीही नाही. बाईंनी लग्न केलं नव्हतं. टेकाडावरच्या लाकडी घरात एकट्या राहायच्या, वय एक्क्याऐंशी, आणि जवळचं माणूस म्हणजे कुओपिओला राहणारी भाची मार्यूत.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला.

"राईली, तुझ्या नवऱ्याच्या मशीनवर बाहेर अडतीस डिग्री लिहून आलंय. मी पोहायचे कपडे शोधतेय."

बाहेर घोट्याएवढा बर्फ होता. मी हसले आणि दुपारी वेयोला पाठवलं. त्याचं असं असतं की घराच्या उत्तरेच्या भिंतीवर, जिथे ऊन लागत नाही तिथे, बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. बाहेर किती थंडी आहे ते तो आत कळवतो आणि त्यावरून पंप ठरवतो की घर किती तापवायचं. सेन्सरने बाहेर उन्हाळा आहे असं कळवलं की पंप बापडा गप्प बसतो. वेयोने मीटर लावून बघितलं तर सेन्सर पार मेलेला. नवा त्याच्या व्हॅनमध्ये होता. दहा मिनिटांचं काम.

पण जुन्या वायरचं टोक हिरवं पडून गेलं होतं. ते वीतभर कापावं लागलं, त्यामुळे नव्या सेन्सरची वायर आणि जुनी वायर यांचा जोड भिंतीच्या बाहेर उघड्यावर आला. असा जोड करायचा तर आत मलम भरलेल्या छोट्या टोप्या मिळतात, पाण्याचा थेंब आत जात नाही. नेमक्या त्याच व्हॅनमधल्या संपल्या होत्या. आणि नेमका तेव्हाच मी फोन केला. तीन वाजत आले होते, अंधार पडायला लागला होता आणि शनिवार होता. आमच्याकडे शनिवारी दुपारनंतर माणूस आपापल्या सौनात असतो, वाफ घेत, बिऱ्हाडासकट. त्या वेळी तुम्ही कुणाच्या दारात उभे असाल तर तुमच्या घरात काहीतरी बिनसलंय असंच लोक समजतात.

"सौना तापलाय," मी म्हटलं. "येतोस, की मी एकटीच जाऊन बसू?"

"आलो, आलो. टेप गुंडाळतो आणि निघतो. सोमवारी येऊन पक्कं करीन."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सोमवारी काय झालं? सोमवारी तळ्यापलीकडच्या गोठेवाल्याचा कॉम्प्रेसर बसला, मंगळवारी आणखी कुणाचं काही, आणि टेप त्याच्या डोक्यातून गेली. माझ्याही. आठवण करणं हे तर माझंच काम होतं; त्यासाठीच मी फोनजवळ बसते.

डिसेंबरात थंडीने जोर धरला तेव्हा बाईंचे फोन सुरू झाले. नेहमी सोमवारी सकाळी, आठाच्या ठोक्याला.

"राईली, काल सकाळी घरात सतरा होतं."

"आणि आज?"

"आज एकवीस. आज छान आहे. पण काल सतरा होतं."

वेयो मंगळवारी गेला. बूट काढले, पंपापाशी गेला, आकडा बघितला. मशीन म्हणत होतं बाहेर उणे अठरा. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचा थर्मामीटर म्हणत होता उणे अठरा. घरात एकवीस. त्याने सेन्सरवर मीटर लावला, तोही बरोबर. बाईंनी वेलचीचा पाव आणि कॉफी पुढे केली आणि भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. रोज सकाळचा आकडा त्यावर त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला होता. दोन रविवार, सोळा आणि सतरा.

"बाई, शनिवारी सौनातून आल्यावर तुम्ही गार व्हायला दार उघडता ना?"

"उघडते."

"मग ते लावायचं राहत असेल."

"वेयो, दार लावायला मी चाळीस वर्षं तुमच्यासारख्या माकडांना शिकवलंय."

तो हसत घरी आला आणि मला हे सगळं सांगितलं. मीही हसले. पुढच्या सोमवारी पुन्हा फोन. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. वेयो तीनदा गेला, तिन्ही वेळा मंगळवार किंवा बुधवार, तिन्ही वेळा सगळं जागच्या जागी. पंप जुना होता, त्याला कालचं काही आठवायचं नाही, आत्ताचा आकडा तेवढा दाखवायचा. कालचं आठवत होतं ते बाईंना. आणि आमच्या वेयोने विश्वास ठेवला मशीनवर.

शनिवारी जाऊन बघावं असं त्याला एकदाही सुचलं नाही. मलाही नाही. आज हे सांगताना तोंडात मारल्यासारखं होतं, पण खरं तेच आहे. शनिवारी संध्याकाळी हातात मीटर घेऊन कुणाच्या घरी जाणं हे आम्हाला सुचण्यासारखंच नव्हतं. त्यापेक्षा ख्रिसमसला चर्चमध्ये शिट्टी वाजवणं सुचलं असतं.

आता माझी बाजू सांगते, म्हणजे सगळा दोष नवऱ्याच्या माथी मारते असं व्हायला नको. गावातल्या दुकानात मागच्या कोपऱ्यात कॉफीची दोन टेबलं आहेत. दुपारी आम्ही चार-पाच जणी तिथे बसतो. तिथे मी म्हणाले, "अगं, आपल्या केर्त्तूबाई. सोमवार उजाडला की फोन. काल घर गार होतं म्हणे! दार उघडं टाकतात आणि विसरतात." कुणीतरी म्हणालं, "हो का? मागच्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा नमस्कार केला." दुसरी म्हणाली, "माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं." संध्याकाळपर्यंत हे सगळ्या गावात झालं होतं. मी तिखटमीठ लावलं नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होते. लावलं होतं. बाईंचा आवाज काढून दाखवला होता मी.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे घरात पंधरा होतं. बाईंना वाटलं, चूल तरी पेटवावी. लाकडं अंगणातल्या खोपटात. हातात ओंडके घेऊन येताना पायरीवर घसरल्या आणि मनगट मोडलं. टपालवाला रविवारी येत नाही. समोरच्या रस्त्याने कुत्र्याला फिरवणारा माणूस गेला म्हणून वाचल्या.

मार्यूत कुओपिओहून धावत आली. दोन दिवसांनी तिने वेयोला बोलावलं. स्वयंपाकघरात बाई प्लास्टर केलेला हात टेबलावर ठेवून बसल्या होत्या. हे सगळं वेयोनेच मला नंतर सांगितलं, एकेक वाक्य चिमट्याने ओढून काढल्यासारखं.

"मला सरळ सांग, वेयो," मार्यूत म्हणाली. "मावशी म्हणते घर गार पडतं. पडतं का?"

वेयो पंपापाशी गेला, आकडा बघितला आणि परत आला. बाहेर उणे चोवीस, मशीनवर उणे चोवीस, घरात बावीस.

"मशीनमध्ये काही नाही," तो म्हणाला.

"मग?"

वेयोने खांदे उडवले. बस, एवढंच. तोंडातून शब्द काढला असता तर बाईंनी त्याला उलट काही विचारलं तरी असतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाल्या, "असेल. मी चुकीचं लिहिलं असेल."

फेब्रुवारीत त्यांना नूर्मेसच्या वृद्धनिवासात जागा मिळाली. मार्यूतचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. दोन तासांच्या अंतरावर राहणारी भाची, मोडलेलं मनगट, आणि जो माणूस जिल्ह्यात सगळ्यात जास्त पंप ओळखतो तो म्हणतोय की पंप ठीक आहे. मग बिघाड कुठे उरला? बाईंच्या डोक्यात. तिला दुसरा अर्थ काढायला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

मार्चच्या सुट्टीत मार्यूत नवऱ्याला आणि मुलींना घेऊन टेकाडावरच्या घरी राहायला आली. मुलींना बर्फात खेळता येईल आणि घरातलं सामानही आवरता येईल, वसंतात घर विकायचं होतं. रविवारी सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी पॅनकेक उलटत होते.

"राईली, इथे सोळा आहे. काल रात्री सौना घेतला तेव्हा मस्त होतं. मुली कुडकुडतायत."

"दार उघडं राहिलं का?" मी विचारलं. जिभेला हाड नसतं.

"राईली, आम्ही चार माणसं आहोत इथे," ती म्हणाली. "दार बंद आहे."

वेयो समोर बसला होता. मी फोन खाली ठेवून त्याला आकडा सांगितला. तो ताटातला पॅनकेक तसाच टाकून उठला. मी गॅस बंद केला आणि कोट घालून त्याच्या मागे गेले. त्याने मला ये म्हटलं नव्हतं.

पंपावर लिहून आलं होतं: बाहेर अधिक अकरा. खिडकीबाहेरचा थर्मामीटर म्हणत होता उणे एकोणीस. वेयो त्या दोन आकड्यांसमोर किती वेळ उभा राहिला सांगता येणार नाही. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, मी तेवढंच बघत होते.

मग आम्ही बाहेर गेलो, घराच्या मागे. मी शिडी धरली. सौनाची खोली घराच्या त्याच टोकाला आहे. अंघोळ झाली की आमच्याकडे सौनाचा झरोका उघडतात, खोली वाळावी म्हणून. रात्रभर त्यातून गरम ओल बाहेर येत राहते. तो झरोका खाली आणि बरोबर त्याच्यावर हातभर अंतरावर, भिंतीला चिकटलेला, तो जोड. टेप सुटून लोंबत होती आणि तिच्या आत पाणी होतं. ओल्या जोडातून वीज परस्पर पळ काढते, सेन्सरपर्यंत पोचतच नाही, आणि मशीनला वाटतं की बाहेर ऊब आहे. सोमवारपर्यंत सगळं गोठून, झडून, वाळून जातं. मंगळवारी मीटर लावावा तर सेन्सर शहाण्यासारखा बोलतो.

हे सगळं त्याने मला शिडीवर उभं राहून सांगितलं नाही. त्याने फक्त ती टेप काढली आणि खाली उतरून मला हातात दाखवली. त्याचीच टेप, निळी. आमच्याकडे निळी टेप तोच वापरतो.

त्याने जोड कापून टाकला, सेन्सरही नवा लावला, भिंतीवर वर दुसऱ्या जागी, झरोक्यापासून लांब. या वेळी टोप्या होत्या. दोन टोप्या दाबायला किती वेळ लागला म्हणाल तर मला पुरता हातमोजाही काढता आला नाही. पंप गुरगुरायला लागला.

मार्यूत अंगणात आली. "सापडलं?"

"सेन्सर खराब होता," वेयो म्हणाला. "बदलला."

"पण तू तो नोव्हेंबरात बदलला होतास ना? मावशी म्हणाली होती."

"नव्यातही कधीकधी बिघाड निघतो. कारखान्यातून."

मी तिथेच उभी होते, शिडी हातात धरून. मी तोंड उघडलं नाही. मार्यूतने आभार मानले आणि आम्हाला कॉफी विचारली. आम्ही नको म्हटलं. आमच्या गावात कॉफीला नाही म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा त्याने काहीतरी केलेलं असतं.

व्हॅनमध्ये तो म्हणाला, "शनिवार होता तो."

"माहिती आहे. मीच फोन केला होता."

"सोमवारी येणार होतो मी."

घरी येऊन तो गोठ्यामागे लाकडं फोडत बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढच्या हिवाळ्याला पुरतील एवढी लाकडं त्याने दोन दिवसांत फोडली आणि आमच्याकडे तर हीट पंप आहे. जेवायला बोलावलं की यायचा, दोन बटाटे ताटात इकडून तिकडे करायचा आणि उठायचा. तिसऱ्या दिवशी मी चिडले. खरं तर मी स्वतःवरच चिडले होते, पण समोर तो होता.

"कारखाना म्हणे! लाज नाही वाटली?"

"वाटली," तो म्हणाला. "म्हणूनच म्हटलं तसं."

मी गाडीची किल्ली त्याच्यासमोर ठेवली.

वृद्धनिवासात बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर. खोली उबदार, भिंती पांढऱ्या, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. बाई खुर्चीत बसल्या होत्या. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. वेयो दारातच उभा राहिला, टोपी हातात, साठीचा माणूस. फळ्यापाशी बोलावलेल्या पोरासारखा.

"बस की," बाई म्हणाल्या.

तो बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. टेप, शनिवार, टोप्या संपल्या होत्या, सोमवारी येणार होतो, आलो नाही. घर खरंच गार पडत होतं. प्रत्येक आकडा बरोबर होता. मनगटही माझ्यामुळेच मोडलं. कारखान्याचं खोटंही सांगून टाकलं. एका दमात एवढं बोलताना मी त्याला लग्नातही ऐकलं नव्हतं. मग मी माझं सांगितलं, दुकानातलं, आवाज काढून दाखवला तेही. ते सांगताना माझं तोंड इतकं तापलं की मला वाटलं, इथला सेन्सर आता हिटर बंद करेल.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मार्यूतला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"इथूनच फोन लाव. मला ऐकू येईल असा."

त्याने लावला. पुन्हा सगळं पहिल्यापासून, आता टोपी मुठीत चुरगळत.

"मी तुझ्या शब्दावर मावशीला उचलून आणलं, वेयो," मार्यूत म्हणाली.

"हो."

"पुढे विचारलं तर तू एक शब्दही बोलला नव्हतास. नुसते खांदे उडवले होतेस."

"हो," वेयो पुन्हा म्हणाला.

फोन बंद झाल्यावर बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन महिने मी विसरणारी बाई व्हायला शिकतेय. गोळ्या नर्सकडून घ्यायच्या, गॅसला हात लावायचा नाही, कुणी काही सांगितलं तर हो म्हणायचं. आत्ता कुठे जमायला लागलं होतं." आमच्यावर राग काढायला म्हणून नाही बोलल्या त्या. नुसतं सांगितलं.

एप्रिलमध्ये बाई घरी परत आल्या. मार्यूतने घर विकायचं रद्द केलं, लाकडं घरातच रचून ठेवली, पायरीला कठडा लावला. वेयोने पंपाचा सगळा खर्च स्वतःकडे घेतो म्हटलं तेव्हा तिने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. दुकानाच्या कोपऱ्यात मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं की बाईंचं डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहे, चूक वेयोची होती आणि जीभ माझी. सगळ्यांनी ऐकलं. एक जण म्हणाली, "हो का? तरी पण वय झालंय गं." दुसरीने बन पुढे केला. आधीची बातमी एका दिवसात गावभर झाली होती. ही मी महिनाभर सांगत होते, तरी कुणाच्या कानात राहायला तयार नव्हती. टपालवाला अजूनही बाईंशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलतो. ते बघितलं की मी रस्ता बदलते.

वेयो बदलला. आता घरात शिरला की आधी विचारतो, "काय होतंय? कधी होतंय?" आणि माणूस बोलून संपेपर्यंत थांबतो. लोक म्हणतात, म्हातारा झाला, कामाला वेळ लावतो. व्हॅनमध्ये टोप्यांचे चार डबे असतात आणि निळी टेप तो आता ठेवतच नाही. मला वाटलं, एवढ्याने भागलं. माणूस चुकला, कबूल झाला, दुरुस्त केलं, बाई घरी आल्या. मी रात्री नीट झोपायला लागले.

यंदाच्या जानेवारीत मोठं वादळ झालं. झाडं तारांवर पडली, दुपारी वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. वीज परत आली की निम्मे पंप आपणहून सुरू होतात आणि निम्म्यांचा खटका पडून राहतो. आमचा फोन दिवसभर वाजत होता, वेयो घराघरांत फिरत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी यादीवरून बोट फिरवताना माझ्या लक्षात आलं की टेकाडावरच्या घरून काहीच निरोप नाही. मी वेयोकडे बघितलं. त्याच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं, कारण तो उठलाच होता.

दार उघडलं तर आत श्वासाची वाफ दिसली नाही, पण तेवढंच व्हायचं बाकी होतं. बाई स्वयंपाकघरात टेबलापाशी बसल्या होत्या, हिवाळी कोट, लोकरीची टोपी, पायात बर्फातले बूट. चूल केव्हातरी पेटवलेली होती आणि विझली होती. पुढे कॉफीचा कप.

"आलात?" त्या म्हणाल्या. "मी आता पाव काढते."

"बाई, पंप बंद आहे!" वेयो म्हणाला. "तीन दिवस झाले. फोन का नाही केलात?"

"कशाला? मला हल्ली गार वाटतच असतं."

"पण समोर थर्मामीटर आहे की."

"आहे ना. मी बघितला." बाईंनी भिंतीकडे मान वळवली आणि परत त्याच्याकडे बघितलं. "पण मी तो बरोबर वाचतेय की नाही, ते मला कसं कळणार, वेयो?"

वेयो तिथेच उभा राहिला. खटका दोन पावलांवर होता, तो वर केला की काम झालं असतं, पण तो हललाच नाही.

"तूच वाच," बाई म्हणाल्या, अगदी समजुतीने.

तो थर्मामीटरपाशी गेला. वाकला. दोनदा बघितलं.

"तेरा," तो म्हणाला. "तेरा आहे, बाई."

"तेरा? म्हणजे थंडी आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हायसं वाटल्याचं दिसलं. मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, खात्री करून घ्यायला. मी थर्मामीटर बघितला आणि हो म्हटलं.